रोशनीची सीट

धनराजच्या डाव्या हाताला गाडीत दोनच कामं होती. एक गिअर टाकायचं, दुसरं रोशनीला धरायचं. त्याची फियाट जुनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि पुढची सीट बाकड्यासारखी सलग. गिअर पडला की हात दांड्यावरून निघून आपोआप रोशनीच्या छातीवर आडवा जाई आणि पुढचा खड्डा, पुढची म्हैस येईस्तोवर तिथेच राही. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. झोपेतसुद्धा कधी कधी तो हात उचलून बाजूला आडवा करी आणि कुंता, त्याची बायको, तो अलगद खाली ठेवी.

रोशनी सतरा वर्षांची. जन्मताना तिला श्वास मिळायला उशीर झाला आणि अंगात ताकद अशी आलीच नाही. टेकवून बसवलं तर बसे, पण मान आणि पाठ केव्हा सैल पडेल याचा नेम नसे. बोलणं म्हणजे चार-पाच आवाज, ते घरच्यांना कळत. गाडी मात्र तिला फार आवडे. पाच वर्षांची असताना ती रात्रंदिवस रडायची, आणि एकदा कुणाच्या तरी जीपमध्ये बसली तशी गप्प झाली. तेव्हाच धनराजने एका निवृत्त रेंजरची ही फियाट घेतली. त्यांच्या गोंडपिपरीत लोक हसले. ढिवराच्या पोराला फियाट कशाला, म्हणाले. पण धनराजचा धंदा मासोळीच्या बीजाचा. आजूबाजूच्या तलावांना तो बोटुकली पुरवायचा, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं. प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत पाणी, त्यावर ऑक्सिजन भरून तोंड बांधलेलं. त्या पिशव्या मागच्या सीटवर आणि पुढे रोशनी. सकाळचं ऊन मागच्या काचेतून त्या पाण्यात शिरलं की गाडीच्या छतावर उजेड हलत राही आणि रोशनी मान वर टाकून तो बघत राही.

त्या वर्षी, दोन हजार सालच्या उन्हाळ्यात, धनराजचा डावा खांदा धरला. आधी शर्ट घालताना कळ यायची, मग हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, वर्ष-दीड वर्ष असाच राहील, हळूहळू मोकळा होईल. धनराजने कुणाला सांगितलं नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी तो एका तलावावर पिशव्या सोडून रोशनीला घेऊन परत येत होता. गावाच्या तोंडाशी एक बैल आडवा आला. त्याने ब्रेक दाबला, हात उचलला, आणि हात अर्ध्यातच राहिला. रोशनी पुढे गेली. कपाळ डॅशबोर्डवर आपटलं.

खोक पडली नव्हती, टेंगूळ आलं होतं. कुंताने हळद लावली. रोशनी झोपल्यावर ती म्हणाली, "अजी, तुमचा हात वर होत नाई. मले दोन महिन्यांपासून दिसून राह्यलं."

"होईन बरा."

"होईन तवा होईन. तवरिक तिले कोण धरन?"

धनराज म्हणाला, गाडी बंद ठेवू. कुंता म्हणाली, गाडी बंद ठेवून तुम्ही रडणं ऐकणार का तिचं. बाहेर कुणाचे तरी बैल घुंगरं वाजवत घरी चालले होते.

मुलचेऱ्याजवळ बंगाली लोकांची गावं आहेत. तिथल्या एका गावात प्रफुल्ल राहायचा. धनराज त्याच्या तळ्यात दरवर्षी बोटुकली सोडायचा, त्यातून ओळख. प्रफुल्लचा धंदा गाद्यांचा, पण जीपच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा भरायला आसपासचे लोक त्याच्याकडेच येत. माणूस बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मराठी शाळेतली बोलायचा, आणि काम जमलं की स्वतःशीच बंगालीत पुटपुटायचा.

पोळा झाला आणि धनराजने रोशनीला त्याच्याकडे नेलं. मागे बसून कुंताने दोन्ही हात पुढच्या सीटवरून घालून तिला धरलं होतं. धनराजची इच्छा एवढीच, की त्या सलग सीटला दोन कातडी पट्टे शिवावेत आणि पोरीला त्यात बांधून टाकावं.

प्रफुल्लने गाडीत डोकं घातलं, सीट दाबली, खालचा पत्रा वाजवला. "ही सीटच सुटलीय, भाऊ. पट्टा सीटला शिवला तर पट्टा, सीट, मुलगी, तिघंही पुढे जातील. पट्टा गाडीच्या हाडाला पाहिजे."

"गाडीले कोणतं हाड?"

प्रफुल्लने दोन दारांमधल्या खांबावर हात ठेवला. "हे एक. आणि खाली दोन जागा. तीन ठिकाणी धरला पाहिजे."

मग त्याने रोशनीचं माप घेतलं. शिंपी ब्लाउजचं घेतो तसं नाही. तिला आपल्या ओसरीवरच्या गादीवर बसवलं आणि ती कुठे कलते, किती वेळाने कलते, हे बघत तो समोर पाटावर बसून राहिला. मधेच उठून तिच्या उजव्या कुशीला एक उशी लावे, पुन्हा बसे. रोशनी त्याच्या चष्म्याच्या दोऱ्याकडे बघत होती. तासाभराने तो म्हणाला, "ही उजवीकडे पडते. मांडी खाली उतरते म्हणून पडते. पुढून उंच सीट पाहिजे."

कुंता धनराजकडे वळली. सतरा वर्षांत एवढा वेळ कुणी आपल्या पोरीला नुसतं बघितलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा.

सीटा चंद्रपूरच्या भंगारात मिळाल्या. वादळात झाड पडून मागून चेपलेली एक मारुती होती, पुढून तिला ओरखडाही नव्हता. दोन सुट्या सीटा, दोन पट्टे, ते गुंडाळून घेणाऱ्या चकऱ्या, त्यांचे खटके. प्रफुल्लने त्या एस.टी.च्या टपावर टाकून नेल्या आणि निरोप पाठवला, की दोन दिवस राहायच्या तयारीने या.

ते गेले तेव्हा भादव्यातलं मोकळं ऊन पडलं होतं. धानाला लोंब्या धरत होत्या. प्रफुल्लच्या घरामागे तळं, तळ्याच्या काठाला आंब्याचं मोठं झाड, आणि त्या झाडाखाली गाडी उभी करून प्रफुल्लने जुनी सीट बाहेर काढली. तिच्याखाली बारा वर्षांचं काय काय साठलं होतं. रोशनीच्या बांगडीचे तुकडे, वाळून कागदासारखे झालेले खवले, सागाची जाळी झालेली पानं, एक दुधाच्या बाटलीचं बूच. कुंताने बूच उचलून पदराने पुसलं आणि परत ठेवलं. मग ठेवलेलं पुन्हा उचलून कमरेला खोचलं.

पत्र्याला गंज चढला होता. पत्रू नावाचा वेल्डर आला, जंगलाकडच्या गावातला गोंड, वयाने धनराजएवढाच. तो खाली पालथा पडला आणि बराच वेळ नुसता टकटक करत राहिला. जिथे आवाज बद्द आला तिथला पत्रा कापून त्याने नवा जोडला, आडवे लोखंडी अँगल टाकले आणि प्रत्येक बोल्टच्या खाली तळहाताएवढी जाड पट्टी बसवली.

"एवढी जाड कायले?" धनराजने विचारलं.

"बारीक वायसर टाकलं तं जोराचा झटका बसला का बोल्ट पत्रा फाडून वर येते," पत्रू म्हणाला. "पट्टी असली का अख्खी गाडी तिले धरते." एवढं बोलून तो पुन्हा खाली गेला.

वेल्डिंग थंड होईपर्यंत आणि रंग वाळेपर्यंत सीटा बसवायच्या नव्हत्या. त्या दोन्ही प्रफुल्लने उसवून पुन्हा भरल्या होत्या. रोशनीच्या सीटचा पुढचा भाग चार बोटं उंच केला, उजव्या कुशीला उशीसारखी कड शिवली. फोमच्या वर त्याने सावरीचा कापूस घातला होता, उन्हाळ्यात जंगलातून वेचून आणलेला. वरून गडद निळं रेक्झिन. त्याने दोन्ही सीटा तळ्याच्या काठावर जमिनीत पक्क्या रोवून शेजारी शेजारी मांडल्या, एखाद्या गाडीत असाव्यात तशाच, डावीकडे रोशनीची आणि उजवीकडे धनराजची.

"बसा दोघं. अंधार पडेस्तोवर बसा. कापूस बसला पाहिजे, म्हणजे कुठे कमी-जास्त झालाय ते कळेल."

धनराजला हसू आलं, पण तो बसला. कुंताने रोशनीला उचलून बसवलं. सीटने तिला आत घेतलं. ती थोडी उजवीकडे झुकली, कडेला टेकली आणि थांबली. धनराजचा हात नेहमीसारखा उठू लागला, कळ आली, आणि तो मांडीवर परत आला. हात नसतानाही ती बसून होती.

समोर तळं होतं. पलीकडच्या काठावर साग, आणि सागाच्या मागे जंगल सुरू व्हायचं ते कुठे संपायचं कुणास ठाऊक. वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा त्यांच्या दिशेने येत. त्यांच्याकडे टक लावून पाहिलं की लाटा थांबलेल्या वाटायच्या आणि आपणच पुढे चाललोय असं वाटू लागायचं. धनराजला आधी ते कळलंच नाही. मग पायाखालची जमीन सरकल्यासारखी झाली, झाडाची सावली अंगावरून मागे गेली, आणि त्याने नकळत पाय ब्रेकच्या जागी दाबला. तिथे गवत होतं. त्याने रोशनीकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ थोडे उघडे, आणि घशातून तो आवाज येत होता जो ती गाडी पळू लागली की काढी. म्हणजे तीही चालली होती. दोघं बिनगाडीची, पाण्यावरून, कसलाही आवाज न करता चालली होती. एक बगळा त्यांच्या बरोबरीने थोडा वेळ उडाला आणि मागे पडला. पलीकडचे साग जवळ येत राहिले आणि आले मात्र नाहीत. आपण कुठून निघालो हे धनराजला आठवेना, आणि त्याची काळजीही वाटेना. खांद्यात ठणका नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कुंताने येऊन खांद्याला हात लावला तेव्हा पाणी काळं झालं होतं आणि रोशनी गाढ झोपली होती, बसल्या बसल्या, ताठ.

"पडली नाई," कुंता हलकेच म्हणाली.

"नाई."

दुसऱ्या दिवशी सीटा गाडीत बसल्या. पट्टे लावायचं काम प्रफुल्लने स्वतः केलं. खांबावरची चकरी, खाली दाराकडचं टोक, आणि दोन सीटांच्या मधे खटका. रोशनीला बसवून पट्टा तिच्या खांद्यावरून आणि मांड्यांवरून घेतला आणि खटक्यात घातला. कट् असा आवाज झाला. रोशनीने डोळे मोठे केले.

धनराजने पट्टा धरून जोरात हिसका दिला. तो जागच्या जागी अडकला, जराही हलला नाही. त्याचं समाधान झालं. मग त्याने तोच पट्टा हळू ओढून पाहिला, आणि तो हातभर सरळ बाहेर आला.

"हे काय जी? हा तं सुटून राह्यला."

"सुटत नाही. हळू ओढला तर देतो. झटका बसला तर धरतो. चकरीत तसं आहेच."

"मले देणारा नोको. धरणारा पाह्यजे. हिचं अंग हळूच तं जाते पुढं."

"अहो, हळू गेली तर लागेल कशाला तिला?"

"थे मले माहीत नाई. तुमी इथं टाके घाला, म्हणजे बाहेरच नाई आला पाह्यजे."

प्रफुल्लने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. "टाके घालायला दहा मिनिटं लागतात," तो म्हणाला. "पण चकरी एकदा शिवली की बिघडली. आज घरी जा असेच. पुढच्या आठवड्यात माझ्या तळ्याची बोटुकली घेऊन येणारच आहात. तेव्हाही वाटलं तर शिवून देतो."

धनराजने कुंताकडे पाहिलं. ती मागे जाऊन बसली होती आणि तिने दार लावून घेतलं होतं. म्हणजे तिचं ठरलं होतं.

दुपार उलटून गेल्यावर ते निघाले. धनराजने स्वतःचाही पट्टा लावला, प्रफुल्लने लावायला लावला म्हणून. गाव मागे पडलं आणि जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडलं. सागाला पांढरा मोहोर आला होता आणि उतरत्या उन्हात झाडांचे शेंडे धुरकट दिसत होते. तिसरा गिअर पडला, धनराजचा हात दांड्यावरून निघाला, आणि त्याला जायला जागा राहिली नाही. तो हवेत थोडा थांबला आणि मग स्टिअरिंगवर आला. दोन्ही हातांनी गाडी चालवणं त्याला कुणा दुसऱ्याची गाडी चालवल्यासारखं वाटलं.

नाल्याच्या उताराला रोशनी पुढे झाली.

धनराजला ते आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. पट्टा सावकाश बाहेर येत होता आणि तिचं डोकं डॅशबोर्डकडे चाललं होतं. पाय ब्रेककडे गेला.

"थांबा," कुंता मागून म्हणाली. "दाबू नका. पाहा."

त्याने वेग कमी केला आणि पाहिलं. रोशनी पडत नव्हती. पडताना तिची मान आधी जायची. आता मान वर होती आणि पाठ तिच्या मागून, थरथरत, येत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबलेले. डॅशबोर्डपासून वीतभर अंतरावर ती थांबली, हनुवटी उचलली आणि पुढच्या काचेतून रस्ता पाहू लागली.

रस्ता खाली उतरून नाल्यावर जात होता आणि पलीकडे वर चढत होता. चढावर पाच-सहा गाई, त्यांच्या मागे डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई. त्या पलीकडे वळण. रोशनी बाईकडे बघत होती. बाई मोठी होत होत जवळ आली, काचेतून आत डोकावली, हसली आणि मागे गेली. रोशनीने एक आवाज काढला. तो तिच्या चार-पाच आवाजांतला नव्हता.

मग ती दमली. तिची पाठ सैल पडली तसा पट्टा चकरीत परत जाऊ लागला, आणि जाता जाता त्याने तिला सीटला आणून टेकवलं. ती जोरजोरात श्वास घेत होती. चार-पाच श्वास झाले आणि ती पुन्हा पुढे निघाली.

धनराजने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. जंगलात एकदम शांत झालं. जुन्या सीटवर ती खोल बसायची, डोकं काचेच्या खालच्या काठाशी यायचं. तिथून काय दिसत असेल? छत, झाडांचे शेंडे, आभाळ. बारा वर्षं ती या रस्त्यांवरून गेली आणि तिने रस्ता पाहिलाच नव्हता. आणि ती पुढे व्हायची तेव्हा, प्रत्येक वेळी, तो हात घट्ट करून तिला मागे दाबायचा.

"मले वाटलं थे पडून राह्यली," तो म्हणाला.

"पडतही होती," कुंता म्हणाली. "दोन्ही होतं. आपल्याले कसं समजन?"

"तुले माहीत होतं का?"

"नाई," कुंता म्हणाली. "एकदा-दोनदा वाटलं होतं. मंग वाटलं, मलेच वाटून राह्यलं."

धनराजने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याला वाईट वाटत होतं, हे तर खरंच. पण आणखीही काही होतं, आणि ते त्याने कुंतालाही सांगितलं नाही. बारा वर्षांत रोशनीचं हसू त्याला आधी हातातच कळायचं. तोंडावर यायच्या आधी तिच्या छातीत एक बारीकसा थरथराट उठायचा, तो फक्त त्याला माहीत होता. आता तो पट्ट्याला कळणार होता. शेजारी रोशनीने हलकेच हुंकार भरला, गाडी का थांबली म्हणून. त्याने डोळे पुसले आणि चावी फिरवली.

आष्टीच्या पुलावर आले तेव्हा वैनगंगा भरून वाहत होती आणि पश्चिमेचा सगळा उजेड तिच्यावर सांडला होता. पुलाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत रोशनी पुढे झुकून होती. एवढा वेळ ती कधीच ताठ राहिली नव्हती. धनराजने गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला, धनराजने त्याला जाऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो बोटुकली घेऊन प्रफुल्लकडे गेला. पिशव्या तळ्यात सोडून झाल्यावर प्रफुल्लने सुई-दोरा काढून ओसरीवर ठेवला. चहा झाला, पान झालं. धनराज निघताना म्हणाला, "थे उजवीकडची कड जराशी जाड करून द्या. लांब जाचं म्हटलं तं तिले टेकाले पाह्यजे."

"लांब म्हणजे किती लांब?"

"पाहू."

आणि मग ते खरंच लांब जाऊ लागले. कधी मार्कंड्याला, कधी बल्लारपूरकडे. थंडीत एकदा भामरागडच्या अलीकडे हेमलकशापर्यंत, तिथल्या एका गावतळ्याला मासोळीचं बीज हवं होतं म्हणून. रोशनीची पाठ हळूहळू घट्ट होत गेली. फार नाही, पण कुंताला तिला न्हाऊ घालताना फरक कळे. धनराजचा खांदाही पुढच्या उन्हाळ्यात मोकळा झाला. तो हात आता गिअर टाकून झाल्यावर कधी दांड्यावर, कधी खिडकीपाशी राही, आणि रोशनी हसली की धनराज मान वळवून तिच्याकडे बघायला शिकला.

त्या थंडीत हेमलकशाहून परतताना आलापल्लीच्या चौकात ते आले, तेव्हा पिशव्या रिकाम्या होत्या आणि ऊन अजून बरंच वर होतं. घरचा रस्ता सरळ होता. रोशनी पुढे झाली, काचेजवळ थांबली, आणि तिने तोंड डावीकडे केलं. सिरोंचाच्या रस्त्याकडे. तिकडे सागाची रांग लागली होती आणि दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना टेकली होती, त्यामुळे आत हिरवट अंधार होता. ती तो आवाज काढत होती, नवा.

धनराजने इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडे वळवली.

थोडं पुढे गेल्यावर कुंता मागून म्हणाली, "अजी, कुठी चाल्लो?"

"मले माहीत नाई," धनराज म्हणाला. "तिले इचार."